एका शब्दाची भर

तुमसरच्या बाजारात शिवणकामाचं एक दुकान आहे, तिथं मी सात वर्षं काम केलं. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, लग्नसराईत घागऱ्यांची लेस. दुकानाच्या मालकीणबाईंना आम्ही मॅडम म्हणायचो. कामाला दोघीच होतो, मी आणि माझ्याच गावची माझी मैत्रीण. आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाला लागून. तिच्याकडे स्कूटी होती. सकाळी ती आमच्या दारासमोर हॉर्न वाजवायची, मी डबा घेऊन मागे बसायचे, आणि मॅंगनीजच्या ट्रकांची धूळ चुकवत आम्ही तुमसर गाठायचो. रस्ताभर तीच बोलायची. मी मागून "हं, हं" करायचे.

चौथीपासून आम्ही सोबत. तिचे लोक धानाची शेती करणारे, गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. आमचंही घर तसंच होतं, पण मी सहा वर्षांची असताना बाबांनी येशूवर विश्वास ठेवला आणि आमचं देवघर रिकामं झालं. सुरुवातीला खूप बोलणी खाल्ली असं आई सांगते. माझ्या आठवणीत मात्र गाव आम्हाला नुसतं "येशूवाले" म्हणायचं, आडनाव घ्यावं तसं. रविवारी तुमसरला पत्र्याच्या एका हॉलमध्ये वीस-बावीस माणसांची आमची सभा भरते. तिथं गाणी मी सुरू करायचे.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की माझ्याबद्दल लोकांचा एक समज होता. ही पोरगी खोटं बोलत नाही. मापावरून गिऱ्हाइकाचं भांडण झालं की मॅडम म्हणायच्या, "तिले विचारा, ते खरं सांगन." मला ते ऐकायला आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

एका वैशाखात, सोमवारी, माझी मैत्रीण दुकानात चक्कर येऊन पडली. तिचा उपास होता, सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि पंखा बंद करून ती इस्त्री करत होती. मॅडम घरी जेवायला गेल्या होत्या. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. दोनेक मिनिटांत तिनं डोळे उघडले.

"काय झालं वो?"

"पडलीस."

"ब्लाउज जळला का?"

मी हसले, तीही हसली. समोरच्या रसवंतीतून लिंबूपाणी आणलं, ते तिनं उपास असूनही प्यायलं. मॅडम येईपर्यंत ती मशीनवर बसलीही होती. पाहणारी मी एकटीच होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तिची सोयरीक जमली. मुलगा भंडाऱ्याला एका दुकानात हिशोब पाहायचा, मोकळा हसणारा होता. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखही निघाली. तिनं मोबाइलमधला त्याचा फोटो मला इतक्यांदा दाखवला की त्याच्या शर्टाच्या रेघा मला पाठ झाल्या. त्याच्या वर्षभर आधी गोंदियाकडचं एक कुटुंब मला पाहायला आलं होतं. आमच्यातली स्थळं थोडी, म्हणून आईबाबांनी फार आशा धरली होती. त्यांनी चहा घेतला, माझ्याकडून एक भजन गाऊन घेतलं, आणि पंधरा दिवसांनी आमच्या पास्टरांच्या बायकोमार्फत निरोप आला की मुलगी चांगली आहे पण जरा सावळी आहे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगते.

साक्षगंधाला आठवडा असताना आंबागडची एक बाई दुकानात आली. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू. दोन साड्यांना फॉल लावायचा होता. मैत्रीण दोरा आणायला बाजारात गेली होती. बाई स्टुलावर बसली, साड्या मांडीवरच ठेवल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मी नवरदेवाची आत्या आहो. तुमी त्या येशूच्या सभेत जाता न?"

"हो."

"मंग तुमी खरं सांगसान. पोरगी कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हणाले. "कामाची आहे. स्वभावानं चांगली आहे."

"तब्येत?"

"चांगलीच आहे." इथं थांबता आलं असतं. "एकदा तेवढी पडली होती इथं."

"पडली म्हंजे?"

"बेशुद्ध झाली. तोंडाला थोडा फेस आला होता."

तो शब्द कुठून आला ते मला सांगता येत नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होते. ती पळवाट आहे. बाईचा चेहरा उतरला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मला चांगलं आठवतं. दुसऱ्याच क्षणी भीती वाटली, आणि मी घाईघाईनं म्हणाले, "उपास होता तिचा." पण बाई उठली होती. "फॉल राहू द्या आता, मंग येतो," म्हणत साड्या घेऊन ती गेली. मैत्रीण दोरा घेऊन आली तर मी मान खाली घालून काज करत होते.

"कोणी आलतं का?"

"नाही."

चार दिवसांनी मुलाकडून फोन आला, सोयरीक मोडली. आधी कारण सांगितलं नाही. मग मध्यस्थाकडून कळलं की पोरीले फीट येते, तोंडाले फेस येते, आंबागडच्या आत्याले दुकानातूनच समजलं. तिची माय आमच्या अंगणात येऊन रडली. माझ्या आईनं तिला पाणी दिलं आणि मला म्हणाली, "कोणाच्या तोंडाले कीड लागली असन?" मी आत गेले. संशय समोरच्या रसवंतीवाल्यावर गेला, कारण लिंबूपाणी त्याच्याकडून आणलं होतं. माझ्या मैत्रिणीचा भाऊ त्याच्याशी भांडून आला. तो बिचारा शपथा घेत राहिला.

मला वाटलं होतं एवढ्यावर थांबेल. एक सोयरीक मोडते, दुसरी येते. पण ती गोष्ट आमच्यापुढं चालत होती. पुढच्या दोन स्थळांनी येण्याआधीच नाही म्हटलं. मग भाऊ म्हणाला, "रस्त्यात पडली तं? ट्रक चालते त्या रोडनं," आणि स्कूटीची किल्ली काढून घेतली. आम्ही बसनं जायला लागलो. मॅडमनं तिला इस्त्रीला हात लावू नको म्हटलं. घरी तिला विहिरीवर एकटीला जाऊ देईनात, चुलीपाशी बसू देईनात. ती माझ्यासमोर अशी आकसत गेली आणि मी रोज तिच्या शेजारच्या मशीनवर बसून होते.

सगळ्यात वाईट हे, की तिलाही ते खरं वाटायला लागलं. एकदा बसमध्ये तिनं विचारलं, "रात्री झोपीत येत असन का फीट? आपल्याले समजत नसन?"

"असं नसते," मी म्हणाले.

"तुले काय माहीत?"

होळीनंतर तिला भंडाऱ्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मी दुकानातच होते. दुपारी फोन वाजला. तिचंच नाव. मी उचलला तर ती म्हणाली, "स्पीकरवर आहे, डॉक्टर विचारून राहिले. मेंदूच्या तपासणीत काही निघालं नाही म्हणते. पण ज्यानं पाह्यलं त्याचं सांगणं पाहिजे त्यायले. तू होतीस न तवा?" मग डॉक्टरांचा आवाज आला. हातपाय झटकत होते का? जीभ चावली होती का? तोंडाला फेस होता का?

माझ्या हातात अर्धा टाचलेला गणवेश होता. फेस नव्हता म्हटलं, तर तिच्या घरचे विचारणार, मग आंबागडच्या बाईला दुकानातून कोणी सांगितलं? तिथं माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं.

"हातपाय नाही झटकले," मी म्हणाले. "तोंडाजवळ... थोडं पांढरं होतं काहीतरी. मी घाबरली होती. नीट आठवत नाही."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, आणि फोन बंद झाला.

पहिल्या वेळी मला हेवा होता, रागही होता. दुसऱ्या वेळी मी थंड डोक्यानं स्वतःला वाचवलं. तिला गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ.

गोळ्यांनी तिला गुंगी यायची. मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे, शिवण वाकडी जायची, मग ती उसवत बसायची. बोलणं कमी झालं. मी तेव्हा खूप प्रार्थना करायचे, आणि हे लिहायला मला लाज वाटते. बसमध्ये, दुकानाच्या मागच्या मोरीत, चुलीवर भात ठेवताना. देवा, माझ्या पापाची क्षमा कर. रडायचेही. रडलं की दहा-पंधरा मिनिटं हलकं वाटायचं, मग तिचा फोन आला की मी तो वाजू द्यायचे. कोणी "तुझ्याशी बोलायचं आहे" म्हटलं की मी काहीतरी काम काढून निघायचे. घरासमोर गाडी थांबली की मी आधी खिडकीतून पाहायचे, तिचा भाऊ तर नाही? वजन उतरलं. आईला वाटलं मला कावीळ झाली.

महिन्यातून एकदा आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकर मोडतात, प्याला फिरतो, आणि त्याआधी पास्टर प्रत्येकाला स्वतःला तपासून पाहायला सांगतात, पाप लपवून कोणी प्याला घेऊ नये म्हणून. होळीनंतरच्या त्या रविवारी प्याला माझ्यापर्यंत आला आणि माझा हात पुढे जाईना. शेजारच्या काकूंना वाटलं माझं लक्ष नाही, त्यांनी कोपरानं ढोसलं. मी प्याला तसाच पुढे दिला. त्यानंतर गाणंही मला सुरू करता आलं नाही, भलत्याच पट्टीत लागलं.

आमचे पास्टर आधी एसटीत कंडक्टर होते. माणसाच्या तोंडाकडे पाहून तिकीट काढलं की नाही ते ओळखण्याची त्यांची सवय गेलेली नव्हती. सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. त्यांची बायको मागे चहा करत होती. मी चटईवर बसले आणि सगळं सांगितलं. बोलताना मी "माझ्या तोंडून गेलं" म्हणाले, "तसा अर्थ निघाला" म्हणाले, "एक शब्द जास्तीचा झाला" म्हणाले. ते ऐकत राहिले.

"कोणाकोणाले सांगतलं हे?" त्यांनी विचारलं.

"देवाला. रोज सांगते."

"त्याले तं तू सांगायच्या आधीच माहीत होतं, बाई."

मी चटईची एक काडी उपटत राहिले.

"तू म्हणते, एक शब्द. त्या शब्दाची गोळी ते पोरगी रोज गिळून राहिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. आन् तू देवाजवळ रडून राहिली, मले बरं वाटू दे. तुले क्षमा पाहिजे का नुसती सुटका पाहिजे?"

मला राग आला. इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. "तुम्हीच म्हणता न, कृपा आहे म्हणून? दर रविवारी तुम्हीच सांगता, किती मोठं पाप असलं तरी..."

"आहेच कृपा. म्हणूनच जाय म्हणून राहिलो. नसती तं म्हटलं असतं, लपून राय."

चहा आला. त्यांनी माझ्या कपावर बशी झाकली आणि म्हणाले, "तुले पकडल्या जाण्याचं भेव आहे. ते भेव म्हंजे पश्चात्ताप नव्हे. चोरालेही असते ते. तिचं काय झालं, ते तुले दुखते का, हे पाय. दुखत असन तं पाय आपोआप निंगतीन."

माझे पाय निघाले नाहीत. दोन महिने निघाले नाहीत. मला रोज कारण मिळायचं. आज तिची तब्येत बरी नाही. आज मॅडम आहेत. आज तिच्या आजीची तेरवी आहे. कधी वाटायचं, सांगून तिला आणखी त्रास कशाला, माझं ओझं तिच्यावर टाकणंच होईल ते. ते सगळ्यांत गोड कारण होतं, आणि मी त्याला प्रेम म्हणत होते.

मग शाळा सुरू व्हायच्या घाईच्या दिवसांत, गणवेशांचा ढीग असताना, तिचे डोळे मिटले आणि मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. नख फुटलं. ती ओरडलीही नाही. बोट वर धरून ती माझ्याकडे पाहत राहिली, लहान मूल आपलं काही तुटल्यावर पाहतं तसं, आणि म्हणाली, "पाय न वो, गणवेशाले रक्त लागलं." मी तिचं बोट माझ्या ओढणीत दाबून धरलं. त्या वेळी माझं काय होईल हा विचार मनात आलाच नाही. पहिल्यांदा. मला फक्त ते बोट दिसत होतं. पास्टर ज्या दुखण्याबद्दल बोलले ते हे, असं मला तेव्हा कळलं.

मॅडमनं तिला सुट्टी दिली. काही दिवस म्हणजे किती, ते बोलल्या नाहीत.

रोवणीच्या दिवसांत मी तिच्या शेतावर गेले. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. बांधीत गुडघाभर चिखलात सात-आठ बाया वाकून धान रोवत होत्या, तिची मायही त्यात होती. माझी मैत्रीण पट्टी बांधलेलं बोट पिशवीत गुंडाळून धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसून रोपांच्या पेंढ्या पुढे देत होती. मी येताना दोनदा परत फिरले होते. एकदा नाल्यापासून, एकदा तिच्याच शेताच्या टोकापासून.

"तू इकडं कशी?" ती खूश झाली. "चप्पल काढ, फसशीन."

मी तिच्याजवळ बसले. मी ठरवून आलेली सगळी सुरुवात विसरले.

"त्या दिवशी तुझ्या तोंडाले फेस नव्हता आला."

"कोनत्या दिवशी?"

"दुकानात पडलीस तवा. काहीच नव्हतं आलं. ओठ कोरडे होते तुझे. उपाशी होतीस, चक्कर आली."

तिनं पेंढ्या देणं थांबवलं. "मंग डॉक्टरले तू सांगतलं..."

"खोटं सांगतलं."

"आन् आंबागडच्या त्या बाईले?"

"मीच. रसवंतीवाल्यानं नाही. मी."

तिच्या हातातली पेंढी खाली पडली. मला वाटलं आता मारेल. ती म्हणाली, "म्हंजे मले फीट येत नाही?"

"नाही."

"पक्कं सांग."

"पक्कं. मी पाह्यलं. तुले काही नाही."

तिनं चिखलाचे दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडायला लागली. मी तिला दुखावलं म्हणून रडते आहे असं मला वाटलं. तसं नव्हतं. हातांआडून ती एकच म्हणत होती, "मले काही नाही, माय. मले काही नाही." इतके महिने ती स्वतःच्या अंगाला भीत जगली होती, हे मी तिथं बसून पाहिलं. माझं पाप किती मोठं आहे ते मला कोणत्याही उपदेशातून कधी कळलं नव्हतं. तिच्या त्या सुटकेच्या रडण्यातून कळलं.

मग तिनं तोंड पुसलं. गालावर चिखलाचे पट्टे. "काहून?" तिनं विचारलं.

"तुझं लग्न होऊन राहिलं होतं आन् माझं नाही. मले पाहवलं नाही."

"येवढ्यासाठी?"

"येवढ्यासाठीच."

"त्याचा फोटो मी सगळ्यांत आधी तुले दाखवला होता," ती म्हणाली. "माझ्या मायच्याही आधी."

मी माफ कर म्हणाले की नाही, तेही आठवत नाही. म्हणाले असेन. तिची माय बांधीतून विचारत होती, काय झालं, काय झालं. ही उठून उभी राहिली. "जाय इथून," ती म्हणाली. मी उठले. "नाही, थांब. आधी डॉक्टरकडे. मंग आंबागड. मंग मॅडम. हे गोष्ट जिथं जिथं गेली, तिथं तिथं तू जाशीन. तुझ्या पायानं. मी नाही सांगणार कोणाले."

"जाईन."

"आन् आताच मायले सांग. माझ्यासमोर."

मी चिखलात उतरले आणि तिच्या मायला सांगितलं. बाया रोवायच्या थांबल्या. मायनं काही शिवी दिली नाही. तिनं फक्त पदर खोचला, पुन्हा वाकली आणि माझ्याकडे पाठ करून रोवू लागली.

डॉक्टरांपुढे मी, ती आणि तिचा भाऊ असे बसलो. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुमच्या शब्दावर मी औषध सुरू केलं," ते म्हणाले. "ज्यांना खरंच फीट येते, ती माणसंही औषध घेऊन नोकरी करतात, संसार करतात. त्यात कलंक काही नाही. पण नसलेल्या आजाराचं औषध कोणाच्या पोटात घालायचं?" गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत, हळूहळू कमी कराव्या लागतील, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. दारातून बाहेर पडताना तिच्या भावानं माझा दंड धरला आणि सोडून दिला. मला वाटतं, हात उचलायचा नाही असं बहिणीनं आधीच सांगून ठेवलं असावं.

आंबागडला मी एकटी गेले. किल्ल्याच्या डोंगराखाली त्या बाईचं घर, ती ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होती. मला ओळखलं नाही. सांगितल्यावर सूप बाजूला ठेवलं.

"पोराचं लग्न होऊन गेलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मंग आता कायले आली?"

"मी खोटं सांगतलं होतं. ते खोटं होतं, एवढं सांगायला."

बाईनं हातातली डाळ सुपात झटकली. "मी आणखी चार जागी विचारणार होती," ती म्हणाली. "तुले विचारलं आन् थांबली. म्हटलं, हे लोक खोटं बोलत नाही." मग तिनं मला पाणी आणून दिलं. मी ते सगळं प्यायले. तिनं ज्या दोन घरी ती गोष्ट सांगितली होती, तिथं ती मला घेऊन गेली. दारात उभी राहून म्हणायची, "हे काय म्हणते ते ऐका," आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. दुसऱ्या घरी एक म्हातारा हसला. त्याला ती गंमत वाटली.

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते पोरगी परत येईन, पण तू असली तं येणार नाही." मी माझी कात्री घेतली आणि निघाले. रसवंतीवाल्याकडेही गेले. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई," आणि माझ्याकडे न पाहता ऊस घालत राहिला.

राहिली आमची सभा. मी सगळ्यांपुढे उभी राहून सांगितलं. बसल्यावर सभेतले एक वडीलधारे म्हणाले, की मनातल्या मनात देवाशी मिटवायचं, बाहेर गावोगाव जाऊन सांगायची काय गरज होती, आता आपल्या लोकांची बदनामी होईल. माझे बाबा सभेत कधी बोलत नाहीत. ते खाली मान घालून बसले होते. तसेच, मान वर न करता म्हणाले, "बदनामी तं आधीच झाली होती भाऊ. आतापर्यंत ते त्या पोरीच्या नावावर होती, एवढंच."

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मी प्याला घेतला. पुष्कळ जण अशा वेळची शांती सांगतात. माझ्याकडून प्याला कलला आणि थोडं ओढणीवर सांडलं. मला क्षमा मिळाली यावर माझा विश्वास आहे, पण भीती लगेच गेली नाही. कुठल्या तरी घरी अजून ती गोष्ट शिल्लक असेल, कोणीतरी तिच्याबद्दल अजून तसंच समजत असेल, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं. बाजारात दोन बाया हळू बोलत दिसल्या की मी थांबून ऐकायचे.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, वरठीला दिलं. आम्हाला बोलावणं नव्हतं. आई त्या दिवशी सकाळीच मला घेऊन माझ्या मावशीकडे गेली, मला बँडचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. मी आता घरीच शिवते. माझं लग्न अजून व्हायचं आहे. मला पाहायला येणाऱ्यांना बाबा हे सगळं आधीच सांगतात. मीच तसं सांगायला सांगितलं आहे.

मागच्या हिवाळ्यात बाबांच्या पायाला लागलं होतं, त्याची पट्टी बदलायला मी त्यांना गावातल्या आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेले, तर बाकावर ती बसलेली. माहेरी आली होती, मांडीवर सहा-सात महिन्यांची मुलगी, लस द्यायला आणलेली. बाबा नर्सबाईंसोबत आत गेले. मी भिंतीपाशी उभी राहिले.

"बस न," ती म्हणाली.

मी बाकाच्या टोकाला बसले. मुलगी माझ्या बांगड्यांकडे पाहत होती. तिचं झबलं घरीच शिवलेलं होतं, गळ्याची पट्टी अगदी सरळ.

"घरीच शिवतेस का अजून? तुझ्या मायले विचारणार होती," मी म्हणाले.

"माय कायची सांगते? माय अजून तुझं नाव घेत नाही."

"बरोबर आहे तिचं."

ती मुलीचं टोपडं बांधत होती. गाठ बसत नव्हती, मुलगी मान हलवत होती. "मी घेतो कधी कधी तुझं नाव," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून तिला हाक आली. ती मुलीला खांद्यावर घेऊन गेली, आणि थोड्या वेळानं आतून मुलीच्या रडण्याचा मोठा आवाज आला. तिचं ते बोलणं म्हणजे माफी होती का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारायचा हक्क माझा नाही. बाबा बाहेर आले, मी त्यांच्या हाताला धरलं आणि आम्ही सावकाश घराकडे निघालो.